जेवण होतं, सुट्टी होत नाही

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि त्यांतून एक मागणीपत्र तयार झालं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. रविवारी पूर्ण सुट्टी हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा, अशी कलमं त्यात होती. लोखंड्यांमुळे रविवारची सुट्टी मिळाली, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच कागदावर आणखी एक मागणी होती, तिच्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही: रोज दुपारी अर्धा तास विश्रांती.

ही मागणी करावी लागली याचा अर्थ ती सुट्टी नव्हती. गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायच्या आणि दुपारी यंत्र थांबायचं नाही. शेजारच्याला ‘जरा माझ्या साच्याकडे बघ रे’ असं सांगून त्या खडखडाटात आणि कापसाच्या उडत्या तंतूंत भाकरी खायची. १८८१ चा कारखाने कायदा झाला होता, पण रोजची विश्रांती त्यानं दिली ती फक्त लहान मुलांना. मोठ्या माणसांसाठी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबलंच पाहिजे, हे कायद्यात आलं १८९१ साली.

आज त्याच गिरणगावात काचेचे टॉवर उभे आहेत. आत एक माणूस डाव्या हातानं माऊस फिरवतोय, कारण उजव्या हाताची बोटं भाजीनं तेलकट झालीत. दीड वाजताची मीटिंग सुरू आहे. कॅमेरा बंद, माईक बंद. मधेच त्याचं नाव घेतलं जातं. घास गालात सरकवून तो म्हणतो, ‘हो हो, ऐकतोय.’ भेंडी गार झालेली आहे, आणि डबा संपल्यावर भेंडी होती की गवार, हेही त्याला सांगता येणार नाही.

तर या लेखाचा विषय हाच. नोकरदार माणूस दुपारी जेवतो, उपाशी राहत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत जेवण वेगळं आणि सुट्टी वेगळी. जे फायदे संशोधनात दिसलेत त्यांतले बरेचसे सुट्टीचे आहेत, आणि आपण वगळतो नेमकी तीच.

दमणं म्हणजे काय

शारीरिक कामात दमणं दिसतं. घाम येतो, हात भरून येतात. खुर्चीत बसून केलेल्या कामात ते दिसत नाही, म्हणून ‘बसून तर असतोस दिवसभर’ हे घरच्यांचं वाक्य ऐकावं लागतं. प्रत्यक्षात लक्ष देऊन काम करताना शरीर ताणावर आलेलं असतं. नाडी किंचित वाढलेली, मान-खांदे आवळलेले, डोळ्यांची उघडझाप कमी झालेली. काम थांबलं की हे सगळं हळूहळू मूळ पातळीवर येतं. माइमन आणि मुल्डर या दोन डच संशोधकांनी १९९८ मध्ये यावर एक साधी मांडणी केली: श्रम केले की शरीर-मनावर भार पडतो, भार उतरला की झीज भरून निघते. भार उतरलाच नाही तर पुढचं काम तोट्यातून सुरू होतं. मग तेवढ्याच कामाला जास्त जोर लावावा लागतो, आणि त्या जोराचीही वेगळी झीज होते.

शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो दुपारी औत सोडतो. मानेवर जू तसंच ठेवून पुढ्यात वैरण टाकली तर बैलाचं पोट भरेल, पण तो विसावणार नाही.

लक्षाचं तर आणखीच वेगळं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक प्रश्न पडला होता. रडारच्या पडद्याकडे टक लावून बसलेली चांगली प्रशिक्षित माणसं काही वेळानं पडद्यावरचे ठिपके चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक खास घड्याळ बनवलं. त्याचा एकच काटा टिचक्या घेत पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवू लागली. १९४८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि सलग लक्ष देण्याची माणसाची ऐपत आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच तोकडी आहे, हे तेव्हापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एक्सेलच्या रकान्यांत आकडे जुळवणारा हिशेबनीस, एक्स-रे वाचणारा डॉक्टर, पुस्तकाची मुद्रितं तपासणारा, सगळे त्याच घड्याळासमोर बसलेले असतात.

‘पण आम्ही चहाला जातोच की!’ बरोबर. टपरीवरची दहा मिनिटं वाया जात नाहीत. दहा मिनिटांच्या आतल्या छोट्या विश्रांतींवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. अशा विश्रांतीनं तरतरी येते, थकवा कमी वाटतो, हे त्यात दिसलं. मात्र डोकं खूप वापरावं लागतं अशा कामात प्रत्यक्ष कामगिरी सुधारलेली दिसली नाही. तिथं जास्त वेळ थांबावं लागतं. म्हणजे चहा चहाच्या जागी, डबा डब्याच्या जागी.

डोक्यातून ऑफिस काढायचं कसं

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोननटाग यांनी विश्रांती या विषयावरच वर्षानुवर्षं काम केलं आहे. शार्लट फ्रिट्झ यांच्याबरोबर २००७ मध्ये त्यांनी विश्रांतीचे चार घटक मांडले. कामापासून मनानं सुटणं, शांतपणे सैलावणं, कामाबाहेरचं काही शिकण्या-जमवण्यातला आनंद, आणि स्वतःच्या वेळेवर स्वतःची सत्ता. दुपारच्या अर्ध्या तासात चारही साधायची कुणाची अपेक्षा नाही. पहिला आणि चौथा घटक साधला तरी पुष्कळ.

पहिल्याची अडचण उघड आहे. आपण जागेवरून उठतो, पण फोन बरोबर येतो आणि फोनमध्ये ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. उत्तर दिलं नाही तरी मेसेज वाचलेला असतो, आणि अर्धवट राहिलेलं काम मनात रेंगाळत राहतं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अपुरं ठेवून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो. म्हणून उठण्यापूर्वी दोन मिनिटं खर्चून ‘आल्यावर इथून सुरू करायचं’ एवढं कागदावर खरडून ठेवावं. हा उपाय इतका साधा आहे की सांगायला संकोच वाटतो, पण उपयोग होतो. कागदानं लक्षात ठेवलं की डोक्याला ते धरून बसावं लागत नाही.

चौथा घटक, म्हणजे वेळेवरची सत्ता, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टोरँटो विद्यापीठातले जॉन ट्रुगाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुट्टीत काय केलं ते कर्मचारी सांगत, आणि दिवसाअखेरी ते किती थकलेले दिसले ते शेजारी काम करणारे सहकारी सांगत. निवांत बसण्याचा फायदा दिसला, त्यात नवल नाही. मजेशीर भाग पुढे आहे. सहकाऱ्यांबरोबर गप्पा मारत जेवणं, जे आपण सरसकट चांगलंच धरतो, ते काहींना उलट जास्त थकवणारं ठरलं. कुणाला? ज्यांना सुट्टीत काय करायचं ते स्वतः ठरवता येत नव्हतं त्यांना. साहेबांबरोबर जेवायला बसावं लागतं, टीमबरोबर जावंच लागतं, हसावं लागतं, तोंडातून काय निघतंय ते सांभाळावं लागतं. ते कामच की. याउलट ज्यांनी स्वतःच्या मर्जीनं सुट्टीत थोडं काम उरकलं त्यांना त्याचा तितका त्रास झाला नाही.

तेव्हा ‘टीम लंच’ हा प्रकार ठरवणाऱ्यांनी जरा विचार करावा. महिन्यातून एकदा ठीक आहे. दर शुक्रवारी हजेरी लावल्यासारखं असेल तर त्या दिवशी लोकांची सुट्टी गेली असं समजा. आणि कोपऱ्यात एकटा बसून जेवणाऱ्याला ‘अरे, एकटाच काय बसलायस?’ म्हणून ओढून आणणाऱ्या उत्साही मंडळींनीही.

अर्थात बहुतेकांना डबे उघडून एकत्र बसणं आवडतं आणि ते मर्जीचं असेल तर त्यासारखं काही नाही. एकाची मेथी, दुसरीची आमटी, तिसऱ्याकडे सासुरवाडीहून आलेलं लोणचं. ऑफिसातल्या कामाच्या पुष्कळ अडचणी तिथं परस्पर सुटतात. कुणाची रजा मंजूर झाली, कुठला क्लायंट पैसे बुडवणार, कुणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला, ही माहिती ईमेलनं कधीच येत नाही.

दुपारची पेंग

दोन-अडीचला डोळे मिटायला लागतात. आपण दोष देतो भाताला. ‘जेवल्यावर रक्त पोटाकडे जातं, मेंदूला कमी पडतं’ हे तर घराघरात सांगितलं जातं. ते खरं नाही. मेंदूचा रक्तपुरवठा शरीर फार कसोशीनं सांभाळतं. पचनासाठी आतड्याकडे जादा रक्त जातं म्हणून मेंदूचं काही कापलं जात नाही.

मग पेंग येते कशानं? झोपेमागे दोन गोष्टी चालू असतात. एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य जमत जातं आणि ते झोपेकडे ढकलतं. दुसरं म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ, जे दिवसा जागं राहण्याचा इशारा देत राहतं. दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान या दोघांचं गणित जरा बिघडतं. दाब सकाळपेक्षा वाढलेला असतो आणि घड्याळाचा इशारा त्याला पुरा पडत नाही. संध्याकाळी तो इशारा पुन्हा जोर धरतो, म्हणून सहाला आपण दुपारपेक्षा ताजे असतो. दुपारी काहीच न खाल्लेल्या आणि किती वाजलेत हेही माहीत नसलेल्या माणसांतसुद्धा ही घसरण दिसली आहे. भात-पोळी-गोड असं भरगच्च जेवण झालं तर ती वाढते, एवढंच भाताचं पाप.

एकदा हे कळलं की पुण्यातली एक ते चार बंद राहणारी दुकानं आणि गोव्यातली दुपारची शांतता यांची चेष्टा करताना आपण थोडे ओशाळतो. बाजीराव रस्त्यावरच्या चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती. विनोदाचा एक कायमचा विषय गेला, पण शरीराचं घड्याळ त्यामुळे बदललेलं नाही. वामकुक्षीही त्यासाठीच. जमत असेल त्यांनी पंधरा-वीस मिनिटांवर आवरावी. त्यापुढे गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं आणखी जड होतं.

ऑफिसात आडवं होता येत नाही. तिथं दोनच गोष्टी हातात असतात. पहिली, जेवणानंतरचा पहिला तास किचकट कामाला न लावणं. आकडेमोड सकाळी करा, फोन-फायलिंग-भेटीगाठी दुपारी. दुसरी, उजेडात जाणं. बाहेरचा उजेड हा आतल्या घड्याळाला सगळ्यात मोठा इशारा असतो, आणि ऑफिसचे दिवे त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. ढगाळ दिवशीही गच्चीवर किंवा रस्त्यावर जेवढा उजेड असतो तेवढा ट्यूबलाइटखाली नसतो. चारची कडक कॉफी हा उपाय नाही, उधारी आहे. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, अ‍ॅडेनोसिन संपवत नाही. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी अर्धं बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला निम्मी कॉफी अंगात असते.

शतपावली आणि साखर

जेवल्यावर शंभर पावलं चालावीत हे आजी सांगायची. आजीची बाजू आता मजबूत आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका टप्प्यात त्यांना दिवसातून कधीही अर्धा तास चाला असं सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. चालणं तेवढंच. पण जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली.

कारण असं. जेवल्यावर रक्तात साखर चढते. ती पेशींत न्यायला एरवी इन्सुलिन लागतं. पण चालताना पायांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेऊ शकतात. ज्यांचं इन्सुलिन नीट काम करत नाही त्यांच्यासाठी हा आयता आडमार्ग आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह-पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी जण दुपारचं जेवण ऑफिसात जेवतात आणि जेवून त्याच खुर्चीत परत बसतात, जी त्यांनी सकाळपासून सोडलेली नसते. दुपारच्या सुट्टीचा सगळ्यात रोकडा फायदा कुठला म्हणाल तर हा. पार्किंगमधून एक चक्कर, जिन्यानं दोन मजले, इमारतीला एक फेरा. बूट बदलायची गरज नाही. औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण कुणाकुणाची साखर खालीही जाऊ शकते.

चालण्याचा फायदा डोक्यालाही होतो. फिनलंडमध्ये काही कर्मचाऱ्यांना दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं बागेत चालायला सांगितलं, काहींना तेवढाच वेळ शिथिलीकरणाचे व्यायाम दिले. बागेत चालणाऱ्यांना दुपारनंतर थकवा कमी वाटला, लक्ष बरं लागलं. २०१८ मध्ये आलेल्या या अभ्यासात फरक लहानच होते, हेही सांगायला हवं. फिनलंडची बाग आणि मे महिन्यातली चिंचवडची एमआयडीसी यांत बराच फरक आहे. चाळीस अंशांत भर दुपारी रस्त्यावर चाला असं कुणी म्हणणार नाही. व्हरांडा आहे, जिना आहे.

स्क्रीनसमोर जेवण्याबद्दल आणखी एक. ब्रिस्टल विद्यापीठात २०११ च्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना संगणकावर सॉलिटेअर खेळत जेवायला लावलं, निम्म्यांना नुसतं जेवायला. जेवण सगळ्यांना सारखंच, नऊ पदार्थांचं. खेळत जेवलेल्यांना पोट भरल्यासारखं कमी वाटलं, पदार्थांचा क्रम नीट आठवला नाही, आणि अर्ध्या तासानं समोर बिस्किटं ठेवली तेव्हा त्यांनी जास्त खाल्ली. म्हणजे पोट भरणं नुसतं पोटात ठरत नाही, आठवणीतही ठरतं. जे जेवण लक्षातच राहिलं नाही ते मेंदूच्या हिशेबी झालंच नाही. चार वाजता येणारी वडापावची हुक्की ही पुष्कळदा दीड वाजताच्या मीटिंगची वसुली असते.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा न्यायाधीशांचा किस्सा

हा विषय निघाला की कुणीतरी हमखास तो सांगतं. इस्रायलमध्ये पॅरोलचे अर्ज ऐकणारे न्यायाधीश सुट्टीनंतर ताजे असताना सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर करत आणि पुढच्या सुट्टीच्या आधी हे प्रमाण जवळजवळ शून्यावर येई. उपाशी न्यायाधीश, कैद्याचं नशीब. २०११ चा अभ्यास खराखुरा आहे. पण त्याच वर्षी त्यावर आक्षेप आले. अर्जांचा क्रम योगायोगानं ठरत नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बऱ्याचदा प्रत्येक सत्राच्या शेवटी ठेवलेली असत, आणि वकील नसला की अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता तशीही जास्त. नंतर इतरांनीही दाखवलं की एवढी मोठी घसरण भुकेनं नव्हे तर प्रकरणांच्या मांडणीनं येऊ शकते. दमलेला माणूस घाईनं निर्णय घेतो, सोपी वाट धरतो, यात तथ्य आहेच. पण ते सिद्ध करायला हा किस्सा वापरू नये. जेवणाच्या सुट्टीची बाजू त्याच्याशिवायही भक्कम आहे.

कायदा काय म्हणतो

स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५५ नं ठरवलं की किमान अर्धा तास विश्रांती मिळाल्याखेरीज कामगाराकडून सलग पाच तासांहून जास्त काम घेता येणार नाही. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथं जेवायला वेगळी खोली लागे, अडीचशेच्या वर असतील तर सरकार उपाहारगृह सक्तीचं करू शके. आणि कलम ४७ मध्ये एक तरतूद अशी होती की जेवणाची खोली असेल तिथं कामाच्या खोलीत बसून कुणी खायचं नाही. हेतू अर्थातच आरोग्याचा: धूळ, रसायनं, तेल यांत जेवू नये. पण परिणाम असा की कामगाराला यंत्रापासून उठावंच लागे. आपल्या संगणकांवर धूळ-तेल नसल्यामुळे आपल्याला उठवणारं कलम नाही.

दुकानं आणि कार्यालयांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना त्यानंही हाच नियम लावला: दिवसाला नऊ तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. अलीकडे हे बदलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कामाचे तास वाढवायला आणि विश्रांती पाचऐवजी सहा तासांनी द्यायला मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या श्रम संहिता लागू झाल्या. तेव्हा तुमच्या आस्थापनेला आज नेमका कुठला नियम लागू आहे हे कामगार विभागाकडून किंवा जाणकाराकडून विचारून घ्यावं. सहा तास सलग काम म्हणजे दहाला बसलेला माणूस चारला उठणार, हे मात्र जाणकाराशिवायही कळतं.

या कायद्यांत एक बारकावा आहे, तो माहीत असावा. नऊ तास हे कामाचे होते. विश्रांती त्यांत धरलेली नव्हती. विश्रांतीसकट दिवसाची लांबी वेगळी मोजत, ती १९४८ आणि २०१७ च्या दोन्ही कायद्यांत साडेदहा तासांपर्यंत होती. म्हणजे सुट्टीचा अर्धा तास तुम्ही ऑफिसात असलात तरी तो तुमचा असतो, कंपनीनं विकत घेतलेला नसतो. तो कामात घातला तर हिशेब असा: आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे, १२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंधरा दिवसांचं काम, फुकट. पगारवाढीच्या वेळी हे कुणी मोजत नाही.

ज्यांना उठताच येत नाही

इथवर वाचून एखादी नर्स, बँकेतला रोखपाल किंवा मेडिकलच्या दुकानातला मुलगा म्हणेल, ‘हे सगळं खुर्चीवाल्यांचं.’ खरं आहे. समोर रांग असते आणि रांगेतल्या माणसानं त्याची स्वतःची सुट्टी घालवून यायचं ठरवलेलं असतं. ‘जेवणाची सुट्टी’ ही पाटी बघून आपण किती वेळा चडफडलो आहोत ते आठवा. सरकारी कार्यालयांबद्दल अशा तक्रारी वाढल्या म्हणून राज्य सरकारनं जून २०१९ मध्ये परिपत्रक काढलं. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास, आणि एका शाखेतल्या सगळ्यांनी एकदम उठायचं नाही.

आळीपाळी हाच मार्ग आहे, पण ती नुसती तोंडी असून चालत नाही. ‘जा तू, मी बघतो’ म्हणणारा स्वतःचं काम करता करता दुसऱ्याचं बघत असतो, आणि जेवायला गेलेल्याला दर पाच मिनिटांनी फोन करतो. रुग्णालयाच्या वॉर्डात पाळी बदलताना जसं रुग्णाचं सगळं सांगून, लिहून सोपवतात, तसं या अर्ध्या तासापुरतंही सोपवावं लागतं: काय चालू आहे, काय येऊ शकतं, कशासाठी मला उठवायचं आणि कशासाठी नाही. आणि जो सांभाळतोय त्याची स्वतःची पाळी कधी, हे वेळापत्रकात लिहिलेलं हवं. नाहीतर सगळ्यात भिडस्त माणूस रोज साडेतीनला जेवतो.

मुंबईच्या डबेवाल्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट इथं आहे. १८९० पासून चाललेल्या त्यांच्या व्यवस्थेतल्या चिन्हांचं आणि अचूकपणाचं कौतुक खूप होतं. पण त्या व्यवस्थेला परतीचा प्रवासही आहे. दुपारी दिलेला डबा तासाभरात रिकामा होऊन दाराशी यावा लागतो, कारण त्याला संध्याकाळच्या आत घरी पोहोचायचं असतं. साहेबाची मीटिंग लांबली म्हणून डबेवाला थांबत नाही, त्याची गाडी जाईल. म्हणजे तुमच्या जेवणाची वेळ तुमच्या ऑफिसबाहेरच्या कुणीतरी ठरवलेली असते आणि ती ऑफिसला पाळावी लागते. घरून डबा हातानं नेणाऱ्यांना आणि अ‍ॅपवरून मागवणाऱ्यांना असं बाहेरून बांधून घालणारं कुणी नाही. त्यांनी कॅलेंडरमध्ये एक ते दीड अडवून ठेवावं, रोज, मीटिंग टाकणाऱ्याला ‘व्यस्त’ दिसेल असं. वरिष्ठानं स्वतःचं कॅलेंडर आधी अडवलं तर हाताखालच्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. तो जागेवर बसून जेवत असेल, तर भिंतीवर कितीही पोस्टर लावा, कुणी उठणार नाही.